मागनं बोलणारा

हवालदार दौलत काळंगे तिकीट काढून थिएटरात शिरत, डॉक्युमेंटरी बघत आणि मुख्य चित्रपटाची पाटी पडद्यावर आली की उठून बाहेर येत. त्या काळी सांगलीतल्या थिएटरांत प्रत्येक खेळाच्या आधी सरकारी डॉक्युमेंटरी दाखवावीच लागे. ती चुकवण्यासाठी लोक मुद्दाम उशिरा येत, बाहेर विडी ओढत थांबत. डॉक्युमेंटरी संपली की सगळी गर्दी आत घुसे आणि हा उंच, ताठ माणूस एकटा उलटा बाहेर पडे, "जरा पाय घ्या, जरा पाय घ्या" म्हणत. पहिल्यांदा डोअरकीपरला वाटलं, माणसाला मळमळतंय. पुढं त्याला सवय झाली. तो विचारायचा, "निघाला का आबा?" हवालदार म्हणायचे, "व्हय. माझा पिक्चर सपला. आता तुमचा चालू द्या."

माझी आणि त्यांची ओळख त्या दारातच झाली. मी घाईने आत शिरत होतो आणि त्यांच्या पायावर माझा पाय पडला. पायात त्यांचे जुने फौजी बूट होते, त्यामुळे लागलं मलाच. ओशाळून मी विचारलं, "अहो, पिक्चर आता सुरू होतोय, निघालात कुठं?"

"फुडचा पिक्चर खोटा असतोय," ते म्हणाले. "खोटं खोटं रडणारी मानसं बघायला पैसं कशाला मोडायचं? आमच्या भावकीत फुकट बघाय मिळत्यात."

त्या दिवशी मीही पिक्चर सोडून त्यांच्यामागे बाहेर आलो. समोरच्या हॉटेलात चहा घेताना त्यांनी नुकत्याच पाहिलेल्या डासांवरच्या डॉक्युमेंटरीचं वर्णन केलं. "पडद्यावर डास हत्तीयेवढा दावला गड्या. आन् थेटरातलं खरं डास आमाला चावत व्हतं. आपल्या पावण्याचं काम बघाय आलं असतील बिचारी." हॉटेलवाला हसता हसता बरणी सांडायचा राहिला. मी तेव्हा तिशीच्या आतला होतो, गावभागात एक लहानसं साप्ताहिक चालवत होतो आणि त्यात वाचण्यासारखं काही नसतं हे मला पक्कं ठाऊक होतं. मी तिथल्या तिथं त्यांना म्हणालो, "हवालदार, हे तुम्ही आमच्या अंकासाठी लिहा."

ते मूळचे सातारा जिल्ह्यातले, कोरेगावच्या बाजूच्या एका गावातले. जवानीतली वर्षं फौजेत गेली. निवृत्त झाल्यावर सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या वखारीवर देखरेखीचं काम धरलं. शर्टाच्या बाह्या कायम पिवळ्या. मूलबाळ नव्हतं. घरात ते आणि हौसाकाकू, दोघंच. डॉक्युमेंटरीचं वेड त्यांना फौजेतच लागलं होतं. "बंदूक कशी पुसायची त्येचा पिक्चर, पाय कसं धुवायचं त्येचा पिक्चर," ते सांगत. "पाय धुवायचा पिक्चर आमी इतक्यांदा बघितला की पाय धुवायचं ऱ्हाऊनच जायचं." हौसाकाकू चुलीपाशी बसून टोमणा मारायच्या, "लोकांच्या बायका हिरोहिरॉइनी बघून येत्यात. आमाला घरी येऊन खताच्या गोण्या ऐकाव्या लागत्यात."

लिहायला मात्र ते तयार झाले नाहीत. "लिवाय बसलो की माझं शब्द अटेन्शनमदी उभं ऱ्हात्यात," म्हणाले. मग आमची एक पद्धत ठरली. दर गुरुवारी ते छापखान्यात येत, चहात बेकरीतलं कडक बटर बुडवून खात आणि बोलत. मी लिहून घेई आणि ते पुस्तकी मराठीत सारखं करून छापी. बटर ते चांगलं भिजून लगदा होईपर्यंत बुडवून ठेवत. मला ती आवड वाटे. दात तर त्यांचे असे पांढरेशुभ्र आणि एका ओळीत, की हसले म्हणजे परेड उभी राहिल्यासारखी वाटे. सदराचं नाव आम्ही ठेवलं ‘आधीचा पिक्चर’. खाली त्यांचं नाव.

सदर बघता बघता लोकप्रिय झालं. युरियाच्या डॉक्युमेंटरीबद्दल ते म्हणाले, "बैल आंघोळ करून आलेत, शेतकरी इस्त्रीचा फेटा बांधून आलाय. रान तेवढं बोलवायचं ऱ्हायलं." एका धरणाची डॉक्युमेंटरी आली. भिंत, दरवाजे, पाटाचं पाणी, फुलांचे हार, सगळं होतं. हवालदार म्हणाले, "पान्याखाली गेलेलं गाव दिसलं न्हाई. कॅमेऱ्याला पवाय येत नसंल." कॉलेजात परदेशी वकिलातीकडून आलेल्या फिल्म दाखवत, तिथंही ते जात. बर्फातल्या पक्ष्यांची एक फिल्म होती. मादी लांब चरायला जाते आणि नर अंडं सांभाळत उभा राहतो. हवालदारांचा अभिप्राय असा: "आमच्या गावात बी असंच हाय. बायका रानात भांगलायला आन् गडी पारावर. पर पक्षी निदान अंडं तरी सांबाळतोय."

कुटुंबनियोजनाच्या डॉक्युमेंटरीवर बोलताना ते थोडे थांबले होते. पडद्यावर सुखी घर दाखवलं होतं. दोन मुलं, भिंतीवर घड्याळ, कपाटावर रेडिओ. ते म्हणाले, "आमच्याकडं घड्याळ हाय, रेडिओ हाय, पोरं तर दोनाच्या बी आत. ह्या हिशोबानं आमी लय सुखी पायजे." मग बटर उचललं, ते चहात गळून पडलं आणि त्यांनी ते बोटानं काढलं नाही. मी ते वाक्य छापलं आणि गाव हसलं. मीही हसलो होतो, लिहून घेतानाच.

त्यांचा एक नियम होता. पहिल्याच गुरुवारी त्यांनी तो मला बजावला होता. डॉक्युमेंटरीत जो आवाज सगळं समजावून सांगतो, त्याला ते ‘मागनं बोलणारा’ म्हणत. "पडद्यावरचं मानूस खरं असतंय, संपादक. त्येला कुनीतरी उभं केलंय म्हनून उभं हाय. त्येला हसायचं न्हाई. हसायचं तर मागनं बोलणाऱ्याला हसा. त्यो दिसत न्हाई, त्येला ऊन लागत न्हाई, आन् समदं त्येलाच ठावं असतंय."

मी मान डोलावली होती. सांगलीतल्या हुशार तरुणांना मान डोलावायला काही लागत नसे.

बहात्तरचा दुष्काळ आला. आटपाडीकडे, माणदेशात, माणसं खडी फोडायला आणि तलाव खोदायला जाऊ लागली. कामं चालू असतानाच त्यांच्यावरची एक डॉक्युमेंटरी थिएटरात आली. आटपाडीजवळच्या एका तलावाचं काम, पाट्या वाहणाऱ्या बाया, सुखडीचं, म्हणजे दुष्काळी कामावर मिळणाऱ्या पौष्टिक वड्यांचं, वाटप. शेवटी एक म्हातारा. उन्हात दगडावर बसून तो सुखडी खातोय. तोंडात दात नाहीत, त्यामुळे गालफडं आत-बाहेर होतात, आणि कॅमेरा बराच वेळ त्याच्या तोंडावर थांबून राहतो. मागून आवाज म्हणतो, श्रमाचे समाधान या चेहऱ्यावर पाहा.

त्या गुरुवारी हवालदार फारसे विनोदी बोललेच नाहीत. कामावरच्या बायांच्या हातांबद्दल बोलले, मागनं बोलणाऱ्याला एक-दोन टोले दिले आणि शेवटी म्हाताऱ्याबद्दल एक वाक्य सांगितलं. खाणाऱ्या माणसाच्या तोंडाकडे असं बघू नये, अशा अर्थाचं. मी ते लिहून घेतलं.

ते गेल्यावर मजकूर वाचला तर मला कोरडा वाटला. मागच्या आठवड्याचं सदरही जरा मवाळ झालं होतं आणि हॉटेलात दोघांनी मला तसं बोलून दाखवलं होतं. मी हवालदारांचं शेवटचं वाक्य काढलं. त्या जागी माझं घातलं: ‘सरकारने काम दिले, सुखडी दिली, आता आजोबांना दात दिले, की दुष्काळ संपला.’

अंक हातोहात संपला. दुसऱ्या दिवशी ते वाक्य हॉटेलात, कोर्टाच्या आवारात, एसटी स्टँडवर ऐकू येत होतं. नळाला पाणी नाही आलं तरी लोक म्हणत, "दात दिले की दुष्काळ संपला!" मी खुशीत होतो. शनिवारी हवालदार आले. अंक उघडला, उभ्या उभ्याच वाचला आणि घडी घालून टेबलावर ठेवला.

"ह्ये कोन बोललं?"

"अहो, शेवट जरा खुसखुशीत हवा होता. लोकांना किती आवडलंय बघा."

"आवडंलच. तोंड दुसऱ्याचं हाय."

चहा न घेता ते निघून गेले. पुढच्या गुरुवारी मात्र आले. मला वाटलं, विसरले.

काही आठवडे गेले आणि आटपाडीचे आमचे अंकविक्रेते अत्तार बांगड्यांचा माल घ्यायला सांगलीला आले. तो नेमका गुरुवार होता, हवालदार समोर बसलेले होते. अत्तार सरळ मनाने सांगू लागले, "सायब, त्यो अंक लय खपला आमच्याकडं. म्हाताऱ्याचं तेवढं वाईट झालं. धोंडीबा नाव त्याचं. मुकादमानं कामावर समद्यांम्होरं अंक मोठ्यानं वाचला. तवापासनं पोरं त्याच्या मागनं ‘दात दिले, दात दिले’ करत पळत्यात. आता त्यो कुनाम्होरं तोंडच उघडत न्हाई. सुखडी फडक्यात बांधून घरला न्हेतो आन् भिंतीकडं तोंड करून खातो. लग्नाच्या पंगतीतनं बी उठून गेला परवा."

हवालदारांनी कपातलं बटर तसंच ठेवलं. मला म्हणाले, "चल माझ्यासंगं."

रविवारच्या एसटीने आम्ही निघालो. हौसाकाकूंनी भाकरी बांधून दिल्या होत्या.  वाटेत मी मनात जुळवाजुळव करत होतो, की म्हाताऱ्याला समजावू, त्यात वाईट हेतू नव्हता, टीका खरं तर सरकारवर होती. असं बरंच काही. धोंडीबाचं घर गावाच्या कडेला होतं. मुलगा मुंबईला, घरी सून. आम्ही सांगलीचे छापखान्यातले म्हटल्यावर ती उंबऱ्यातच उभी राहिली.

"मामंजी न्हाईत बोलायचं. कुनासंगंच बोलत न्हाईत आता." मग तिने आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "त्ये दातांचं कुनी लिवलं तुमच्यातल्या?"

हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता. दारातून जाताना एखादा बाजूला होऊन दुसऱ्याला वाट देतो, तसं ते पाहणं होतं. मी उंबऱ्याजवळच्या घागरीकडे बघत राहिलो. तिच्या काठाला पोचा होता, तो मला आजही काढून दाखवता येईल.

"मीच," हवालदार म्हणाले. "खाली नाव माझंच हाय."

"तुमच्या घरात म्हातारी मानसं न्हाईत व्हय?"

"चुकलं पोरी. आमची भाकरी आमच्यापाशी हाय. बाबांसंगं बसून खाऊ दे आमाला. पानी तेवढं दे."

तिला नाही म्हणता आलं नाही. धोंडीबा आत भिंतीकडे तोंड करून बसला होता. हवालदार त्याच्या शेजारी गेले आणि त्याच भिंतीकडे तोंड करून मांडी घालून बसले. शिदोरी सोडली. मग खिशातून रुमाल काढला, तोंडात दोन बोटं घातली आणि वरची कवळी काढली, खालची काढली, दोन्ही रुमालात ठेवल्या. ती परेड बघता बघता रुमालात गेली आणि त्यांचे गाल खचले. क्षणात ते धोंडीबाएवढे म्हातारे दिसू लागले. मी इतके महिने त्यांच्या समोर बसलो होतो आणि मला हे ठाऊक नव्हतं. त्यांनी भाकरी पाण्यात कुस्करली, चटणी कालवली आणि खायला लागले. गालफडं आत-बाहेर.

धोंडीबाने हळूच मान वळवली. बराच वेळ बघत राहिला.

"तुमाला बी न्हाईत व्हय?"

"फौजेत ट्रक उलटला. समदं गेलं तवाच." बोलणं बोबडं येत होतं, पण कळत होतं. "सरकारनं दिल्यात हे, बाबा. तरी बी दुष्काळ काय सपला न्हाई बघा."

धोंडीबा हसला. आधी नाकातून, मग तोंड उघडून. हवालदारही हसले. दोघं बोळकी उघडी टाकून हसत होते आणि सून पदर तोंडाला लावून दारात उभी होती. त्या घरात सगळे दात शाबूत असलेला मी एकटा, आणि माझंच तोंड उघडत नव्हतं. मग धोंडीबाने सुखडीचा तुकडा पाण्यात बुडवून हवालदारांना दिला. दोघांनी मिळून खाल्लं.

मला वाटलं, मिटलं. निघताना धोंडीबा आम्हाला सोडायला गल्लीच्या तोंडापर्यंत आला. पारापाशी माणसं बसली होती. त्यांना बघताच त्याने फेट्याचा शेव ओढून तोंडावर घेतला आणि तसाच मागे फिरला.

परतीच्या एसटीत हवालदार खिडकीबाहेर बघत होते. मी म्हणालो, "हवालदार, तुम्ही मघाशी माझं नाव का नाही सांगितलं?"

"तुला तोंड व्हतं की."

पुढं ते स्वतःहूनच म्हणाले, "आता मी न्हाई येनार गुरवारी. परवा थेटरात बसलो व्हतो. मागनं बोलणारा बोलाय लागला आन् मला त्यो माझ्याच आवाजात ऐकू आला." मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "एक काम कर गड्या. तू कापलेलं माझं वाक्य हाय न्हवं, त्येवढं फुडच्या अंकात छाप. माझं नाव नको, तुझं नको. त्येवढं एक वाक्य."

"छापतो," मी म्हणालो.

मी ते छापलं नाही. पुढच्या अंकात जाहिराती जास्त होत्या. त्याच्या पुढच्यात निवडणुकीचा मजकूर होता. खरं कारण दोन्हींतलं नव्हतं. ते वाक्य छापलं असतं, तर ते आधी का छापलं नव्हतं हे लोकांनी विचारलं असतं, आणि लोकांना आवडलेलं वाक्य कुणाचं हेही बाहेर आलं असतं. त्या वाक्यामुळे माझ्या अंकाला नाव मिळालं होतं आणि हवालदार सदर सोडून गेले याचा दोष माझ्यावर न येता मला वाचकांची सहानुभूती मिळत होती. ‘आधीचा पिक्चर बंद का झाला?’ असं कुणी विचारलं की मी म्हणे, "काय करणार, हवालदार लहरी माणूस."

माझ्याबद्दल कुणी असं बोललेलं माझ्या कानावर आलं असतं तर मी चिडलो असतो. त्यांच्या कानावर नक्की गेलं असणार. यार्डाकडे जाताना छापखान्यावरून त्यांची सायकल जाई. ते मान हलवून रामराम करत, उतरत नसत. त्या वाक्याबद्दल त्यांनी मला पुन्हा कधी विचारलं नाही. विचारलं असतं, तर मला निदान कारण तरी द्यावं लागलं असतं. थिएटरचा डोअरकीपर मला एकदा म्हणाला, "आबा आजारी हायत का? येत न्हाईत हिकडं."

पुढं ते वखारीचं काम सोडून गावी गेले. मी भेटायला जाणार होतो. सांगलीहून त्यांचं गाव काही फार लांब नाही; एका दिवसात जाऊन येता आलं असतं. दशक सरता सरता ते गेल्याची बातमी आली आणि तेव्हा मात्र मी लगेच निघालो.

गावाच्या शाळेत शोकसभा होती. साताऱ्याहूनही काही निवृत्त फौजी आले होते. एकजण उठला आणि म्हणाला, "आमच्या दौलतरावांचा विनोद म्हणजे काय सांगू! ते एकच वाक्य ऐका..." आणि त्याने ते सांगितलं. सरकारने काम दिले, सुखडी दिली. डोळे पुसता पुसता सगळी सभा हसली. मग संपादक म्हणून मला बोलायला उभं केलं. मी त्यांच्या डासांबद्दल बोललो, पक्ष्यांबद्दल बोललो, त्यांच्या बुटांबद्दल बोललो. दातांच्या वाक्याबद्दल काही बोललो नाही. माझं भाषण चांगलं झालं असं नंतर दोघांनी सांगितलं.

निघताना हौसाकाकूंना भेटायला घरी गेलो. कोनाड्यात तोच रुमाल होता, कवळीचा. काकू म्हणाल्या, "आवं संपादक, एक इचारू? ते दातांचं त्यांनीच सांगितलं व्हतं का वो? मी त्यांना लई येळा इचारलं, तर गप बसायचं. सोता दात काढून ठेवनारा मानूस... रोज राती माज्याकडं पाठ करून काढायचं. त्यो दुसऱ्याला असं बोलंल, माझ्या काय मनाला पटत न्हाई."

दारात माझी रिक्षा उभी नव्हती, एसटी चुकणार नव्हती. सभा संपली होती, ऐकायला कुणी नव्हतं. फक्त एक बाई होती आणि तिला आपल्या नवऱ्याबद्दल एवढंच हवं होतं.

मी म्हणालो, "हो काकू, त्यांचंच ते."

"मग असंल बाई," त्या म्हणाल्या आणि चहा ठेवायला उठल्या.

काकू आता नाहीत. धोंडीबाही नसणार. साप्ताहिक कधीच बंद पडलं. ते वाक्य मात्र अजून जिवंत आहे. अलीकडेच एका लग्नात माझ्याच वयाच्या माणसाने मला ते हसत हसत ऐकवलं, वर म्हणाला, "काय माणूस होता तुमचा तो हवालदार!" मी पंगतीत बसलो होतो. आता माझेही दात उरलेले नाहीत. समोर कुणीतरी मोबाइल धरून पंगतीचं चित्रीकरण करत होतं आणि मी हातातला घास तसाच धरून मान खाली घातली.

म्हणून हे लिहिलं. दातांचं वाक्य माझं होतं. हवालदार दौलत काळंगे यांचं नव्हतं. सुखडी खाणाऱ्या म्हाताऱ्याबद्दल त्या गुरुवारी ते जे बोलले, ते मी छापायचं कबूल केलं होतं. ते आज देतो. पुस्तकी मराठीत सारखं करत नाही, त्यांनी सांगितलं तसंच ठेवतो:

"म्हातारा खात व्हता आन् कॅमेरा त्येच्या तोंडाकडं टक लावून बघत व्हता. जेवनाऱ्याच्या तोंडाकडं बघू नये, ह्ये आमाला आईनं शिकवलं. कॅमेऱ्याला आई नसंल."